परदेशीचे बिऱ्हाड आणि आप्तवाक्य



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी माझ्याकडे विषय मागितला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला हा मनुष्य नद्या, वारे किंवा फार तर सह्याद्री यांपैकी कशावर तरी बोलेल. मी विषय कळविला तो असा : परदेशात राहून आपले नेहमीचेच काम करणाऱ्यांसाठी अलीकडे जे नवे व्हिसे निघाले आहेत, त्यांविषयी खात्रीची माहिती कशी मिळवावी. हा विषय वसंत ऋतूला शोभतो काय, अशी शंका चिटणिसांना आली असल्यास नवल नाही. परंतु न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून अशा व्यासपीठांचे काम एकच राहिले आहे. नागरिकांच्या दाराशी येऊन उभा राहिलेला प्रश्न त्यांच्याच भाषेत त्यांच्यापुढे मांडणे, हे ते काम होय. आणि हा प्रश्न आज दाराशी नव्हे, माजघरात येऊन बसला आहे.

आपणांपैकी किती जणांच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी आहे, की जी सकाळी आंघोळ करून कुठेही जात नाही, आतल्या खोलीचे दार लावून घेते, आणि ॲमस्टरडॅमच्या किंवा बोस्टनच्या कचेरीचे काम करते? हात वर करावयास मी सांगत नाही. परंतु माझ्या आळीत अशी सात घरे आहेत. या मुलांच्या मनात केव्हा तरी एक सरळ विचार येतो. काम जर तारेवरूनच जाते, तर ते सदाशिव पेठेतून गेले काय आणि लिस्बनहून गेले काय, कंपनीला त्याचे काय? विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, तसे यांचे बिऱ्हाड एका पिशवीत मावते. मग दुसरा देश वर्षभर राहून का पाहू नये?

विचारात वावगे काहीच नाही. अडचण एवढीच होती की, जगातल्या बहुतेक देशांना परक्या माणसासाठी मुख्यतः दोनच दारे ठाऊक होती. एक पाहुण्याचे दार : या, पाहा, खर्च करा आणि परत जा. दुसरे चाकरीचे दार : आमच्या देशातील मालकाने तुम्हांला बोलावले असेल तर या. जो आमच्याकडे राहणार, पण ज्याचा मालक दुसऱ्याच देशात आहे आणि ज्याचा पगार तिकडूनच येणार आहे, त्याला कोणत्या दाराने घ्यावयाचे, हे बहुतेक कायद्यांत लिहिलेलेच नव्हते.

२०२० साली महामारी आली. पर्यटक थांबले, हॉटेले ओस पडली, आणि त्याच वेळी लक्षावधी माणसे घरून काम करू लागली. ज्या देशांचे पोट पाहुण्यांवर चालते, त्यांनी या दोन गोष्टींची सांगड घातली. बार्बाडोस या लहानशा बेटाने त्या वर्षीच्या जुलैत बारा महिन्यांचा 'वेलकम स्टॅम्प' काढला. ऑगस्टमध्ये एस्टोनियाने खास अशा कामकऱ्यांसाठी व्हिसा सुरू केला. १ जानेवारी २०२१ पासून क्रोएशियाने अशा मुक्कामाची सोय केली. पोर्तुगालचा व्हिसा ३० ऑक्टोबर २०२२ पासून मिळू लागला, स्पेनचा कायदा त्याच डिसेंबरात आला. २०२४ च्या जानेवारीत दक्षिण कोरिया, मार्चअखेर जपान आणि जुलैत थायलंड यांनी आपापली दारे उघडली. चार वर्षांत नवे दार उघडणाऱ्या देशांची रांगच लागली. आणि जेथे अनेक दारे एकाएकी उघडतात, तेथे दारांबाहेर वाटाड्ये जमतात. त्या वाटाड्यांत काही खरे असतात, काही अर्धवट असतात, आणि काही निव्वळ खिसे चाचपणारे असतात.

आता मी माझ्या हातून झालेली चूक सांगतो. कारण या व्याख्यानाचे मूळ तीच आहे.

२०२२ च्या वसंतात मी वर्तमानपत्रात वाचले की, इटलीने दूर बसून काम करणाऱ्या परदेशी लोकांना राहू देण्याचा कायदा केला. बातमी खरी होती. त्या वर्षीच्या मार्चअखेर इटलीच्या संसदेने तसा कायदा संमत केला होता. पुढे दिवाळीच्या सुमारास आमच्या आळीतले एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा एका परदेशी कंपनीसाठी पुण्यात बसून काम करीत असे. शहरातल्या एका एजंटाने त्याला इटलीचा हा नवा व्हिसा काढून देण्याचे कबूल केले होते आणि एक लाख ऐंशी हजार रुपये आगाऊ मागितले होते. वडील मला म्हणाले, "सर, तुमचे वाचन दांडगे. असा व्हिसा आहे का हो खरंच?" मी म्हणालो, "आहे तर! कायदा झालाय. मी स्वतः वाचलंय." माझ्या त्या एका वाक्यावर त्यांनी बँकेतली मुदतठेव मोडली.

पुढचे थोडक्यात सांगतो. मुलाने पुण्यातली भाड्याची खोली सोडली, कंपनीला कळविले, थंडीचे कपडे घेतले. एजंट दर महिन्याला सांगे, 'फाइल पुढे गेली आहे.' सहा महिन्यांनी मुलाने स्वतः वकिलातीला लिहिले. उत्तर आले ते दोन ओळींचे. कायदा झाला आहे, परंतु त्याची अंमलबजावणी कशी करावयाची हे ठरविणारा हुकूम निघालेला नाही. तोपर्यंत अर्ज स्वीकारता येत नाहीत. तो हुकूम निघाला २९ फेब्रुवारी २०२४ रोजी, आणि इटलीच्या राजपत्रात छापला गेला ४ एप्रिल २०२४ रोजी. म्हणजे कायद्यापासून अंमलापर्यंत दोन वर्षे गेली. एजंटाने त्याआधीच दुकान बंद केले होते. पैसे परत आले नाहीत. गृहस्थांनी मला कधी बोल लावला नाही; रस्त्यात भेटले की अजूनही नमस्कार करतात. तो नमस्कार मला फार जड जातो.

मी खोटे बोललो नव्हतो, हे आपण ध्यानात घ्या. माझे वाक्य अक्षरशः खरे होते. तरीही ते भरवशाचे नव्हते. खरे आणि भरवशाचे यांत अंतर असते, हे मला साठी उलटल्यावर कळले. ते आपणांला अधिक स्वस्तात कळावे, म्हणून मी आज उभा आहे.

आपल्या जुन्या नैयायिकांनी ज्ञानाच्या साधनांचा विचार करताना 'शब्द' हेही एक प्रमाण मानले. जे आपण डोळ्यांनी पाहिले नाही आणि तर्काने ताडता येत नाही, ते दुसऱ्याच्या सांगण्यावरून मानावे लागते. पण कोणाच्या? तर आप्ताच्या. येथे आप्त म्हणजे नातलग नव्हे. ज्याला वस्तू जशी आहे तशी ठाऊक आहे आणि ती तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. म्हणजे अटी दोन झाल्या : त्याला माहीत असले पाहिजे, आणि फसविण्यात त्याचा लाभ नसला पाहिजे. या दोन अटी लावून पाहा. वर्तमानपत्र प्रामाणिक असते, पण वकिलातीच्या खिडकीवर आज काय चालले आहे हे त्याला ठाऊक असतेच असे नाही. एजंटाला कदाचित ठाऊक असते, पण आपण अर्ज न करण्यात त्याचा तोटा आहे. मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राला ठाऊक असते आणि त्याचा हेतूही चांगला असतो. पण त्याला ठाऊक असतो तो त्याचा स्वतःचा अनुभव, त्या तारखेचा आणि त्याच्या परिस्थितीतला. शेजारच्या भूगोलाच्या मास्तराची गोष्ट तर मी सांगितलीच.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून जुनी दप्तरे धुंडाळली आणि बखरींपेक्षा अस्सल पत्राला वरचे आसन दिले, हे आपणांस ठाऊक आहे. बखर वाचावयास गोड, पत्र रूक्ष; पण तारीख, शिक्का आणि लिहिणाराचा अधिकार पत्रावर असतो. व्हिसाच्या बाबतीतही नेमके हेच आहे. प्रवासवर्णने, चित्रफिती, मोबाइलवर फिरणारे निरोप, ही सारी बखर. देशाचे राजपत्र, त्याच्या परराष्ट्र खात्याचे नियम, त्याच्या वकिलातीने प्रसिद्ध केलेली अटींची यादी, हे अस्सल पत्र. बखर वाचू नका असे मी म्हणत नाही. बखरीवरून कुठे शोधावयाचे ते कळते. पण मुदतठेव मोडावयाची ती पत्र पाहून.

आता हे पत्र कसे वाचावे? मी त्याला पाच प्रश्न विचारावयास शिकलो आहे.

पहिला प्रश्न : हे लागू झाले आहे काय? घोषणा, कायदा आणि अंमल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इटलीच्या उदाहरणाने आपण पाहिले. मंत्र्याने भाषणात सांगितले म्हणजे व्हिसा निघाला असे होत नाही. अर्ज कोणत्या तारखेपासून घेतले जात आहेत आणि कोठे, एवढेच विचारावे. याचे उत्तर मिळाले नाही, तर बाकी सारे ऐकू नये.

दुसरा प्रश्न : हे कोणत्या पासपोर्टसाठी आहे? येथे आपली माणसे फार फसतात. जपानच्या सहा महिन्यांच्या व्हिसाची वर्णने मोठी मोहक आहेत. वर्षाला एक कोटी येन उत्पन्न असले आणि आजारपणाचा विमा असला की झाले, असे वाटते. पण या सोयीची मूळ अट अशी की, अर्जदार अशा देशाचा नागरिक हवा, ज्याच्या नागरिकांना जपानमध्ये अल्प मुक्कामासाठी व्हिसा लागत नाही आणि ज्याच्याशी जपानचा करविषयक करार आहे. भारतीयाला जपानचा व्हिसा लागतो. तेव्हा विषय तेथेच संपला. आइसलँडने दूरच्या कामासाठी जो १८० दिवसांचा व्हिसा काढला, तोही अशाच व्हिसामुक्त देशांच्या नागरिकांसाठी. एखादा जर्मन किंवा अमेरिकन तरुण आपला अनुभव सांगतो तो शंभर टक्के खरा असतो आणि आपल्याला शून्य टक्के उपयोगी असतो.

तिसरा प्रश्न : हा आकडा कोणत्या वर्षाचा? बहुतेक देश महिन्याची किमान प्राप्ती मागतात, आणि लोक आकडा पाठ करतात. पोर्तुगालचे पाहा. तेथील नियम असा की, प्राप्ती त्या देशाच्या किमान वेतनाच्या चौपट हवी. २०२२ साली किमान वेतन ७०५ युरो होते. म्हणून हवे होते २,८२० युरो. २०२३ साली ते ७६० झाले आणि आकडा ३,०४० झाला. २०२४ साली ८२० म्हणून ३,२८०. २०२५ साली ८७० म्हणून ३,४८०. चार वर्षांत चार आकडे, आणि चारही आपापल्या वर्षी बरोबर! एस्टोनियाने आरंभी ३,५०४ युरो मागितले होते, पुढे ४,५०० केले. दक्षिण कोरिया आपल्या दरडोई राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुप्पट मागतो. तेव्हा ते उत्पन्न बदलले की अटही बदलते.

स्पेनमध्ये तर आणखी गंमत आहे. नियम किमान वेतनाच्या दुपटीचा. २०२५ साली ते वेतन महिना १,१८४ युरो होते. दुप्पट केली की २,३६८ येतात. पण स्पेनमध्ये हे वेतन वर्षातून चौदा वेळा दिले जाते. चौदा हप्त्यांची बेरीज करून बारा महिन्यांवर वाटली, तर दुप्पट सुमारे २,७६३ होते. एका वर्षी, एका नियमाखाली, दोन प्रामाणिक माणसे दोन आकडे सांगतात. आणि जो लहान आकड्यावर विसंबतो त्याचा अर्ज अडकतो. म्हणून मी मुलांना सांगतो, आकडा पाठ करू नका, आकडा कसा निघतो ते पाठ करा. गणिताच्या मास्तरांचा हा जुनाच उपदेश आहे.

चौथा प्रश्न : नाव काय, आणि मिळते काय? एस्टोनियाने २०१४ च्या डिसेंबरात 'ई-रेसिडेन्सी' सुरू केली. नावात रहिवास आहे, पण त्या कार्डाने एस्टोनियात राहण्याचा काय, पाऊल टाकण्याचाही हक्क मिळत नाही. दूर बसून तेथे कंपनी काढता यावी, कागदांवर डिजिटल सही करता यावी, यासाठी ते ओळखपत्र आहे. राहण्याचा व्हिसा वेगळा. थायलंडच्या नव्या व्हिसाला लोक 'पाच वर्षांचा व्हिसा' म्हणतात. पाच वर्षे चालतो हे खरे. पण एका प्रवेशात राहण्याची मुभा १८० दिवसांची, आणि खात्यात पाच लाख बाहत दाखवावे लागतात. पाच वर्षे ही दाराच्या किल्लीची मुदत आहे, घरात बसून राहण्याची नव्हे. उलट, काही ठिकाणी वेगळे नावच नसते. न्यूझीलंडने २७ जानेवारी २०२५ पासून साध्या पाहुण्याच्या व्हिसावरच परदेशातील मालकाचे काम करण्याची मुभा दिली. नवा व्हिसा शोधत बसणाऱ्याला तो तेथे सापडलाच नसता. नावावर जाऊ नये. हक्क कोणता, किती दिवसांचा, आणि काय करण्याची मनाई, हे वाचावे. स्पेनमध्ये स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला स्पॅनिश गिऱ्हाइकांचे काम करता येते, पण ते एकंदर कामाच्या वीस टक्क्यांपर्यंतच. अशा मर्यादा जाहिरातीत कोणी छापत नाही.

पाचवा प्रश्न : यावर बोलण्याचा अधिकार कोणत्या खात्याचा? आपल्याला वाटते, सरकार म्हणजे एक मनुष्य. एका हाताने शिक्का दिला की दुसरा हात तो मानील. तसे नसते. पोर्तुगालची वकिलात रहिवासाचा व्हिसा देते तो चार महिन्यांचा; तेथे उतरल्यावर रहिवासाचा परवाना देण्याचे काम दुसऱ्या संस्थेचे. ती संस्थाही २९ ऑक्टोबर २०२३ रोजी बदलली. जुने खाते बंद होऊन नवे आले. म्हणून ज्या माहितीपत्रकात अजून जुन्या खात्याचे नाव आहे, ते त्या तारखेनंतर कोणी तपासलेले नाही, हे न वाचताच समजावे.

कराचे खाते तर या सर्वांहून निराळे. व्हिसा मिळाला म्हणजे कराचा प्रश्न सुटला, ही समजूत फार महागात पडते. स्पेन, पोर्तुगाल यांसारख्या देशांत वर्षात १८३ दिवसांहून अधिक राहणारा माणूस सामान्यतः तेथील करदाता ठरतो. आपल्याकडे १८२ दिवसांची कसोटी आहे, आणि तिला जोडून आणखी पोटकलमे आहेत. दोन देशांनी एकाच मिळकतीवर दोनदा कर घेऊ नये म्हणून करार असतात. पण ते आपोआप लागू होत नाहीत, कागद दाखवून मागावे लागतात. हे वकिलातीच्या कारकुनाला विचारू नये. त्याचे ते काम नाही. ते जाणत्या सनदी लेखापालाला विचारावे, आणि तेही निघण्यापूर्वी. आणखी एक खाते आहे, ज्याला मुले शेवटी विचारतात : स्वतःची कंपनी. तिने लेखी परवानगी दिली नाही, तर बाकी सारे शिक्के निरुपयोगी.

हे झाले प्रश्न. उत्तरे कोठे शोधावीत?

पहिली पायरी, त्या देशाच्या परराष्ट्र खात्याच्या यादीतून भारतातील वकिलातीचा पत्ता काढणे. शोधयंत्रावर नाव टाकले की वर जे येते ते पुष्कळदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. तिचे रूप सरकारी, पण पत्त्याची शेपटी खासगी असते. त्यानंतर आपले गाव कोणत्या वकिलातीच्या हद्दीत येते ते पाहावे. स्पेन आणि थायलंड यांच्या वकिलाती मुंबईत आहेत. पोर्तुगालची पणजीलाही आहे. एकाच देशाच्या दोन वकिलाती कागदांची यादी थोडी वेगळी मागतात, हे अनुभवाला येते. दिल्लीच्या मित्राची यादी मुंबईला चालेलच असे नाही. अर्ज करण्याची रीतही बदलते. थायलंडने १ जानेवारी २०२५ पासून जगभरच्या वकिलातींत व्हिसाचे अर्ज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने घेण्यास सुरुवात केली. त्याआधीचे 'रांगेत कसे उभे राहावे' हे सारे सल्ले पुराणातली वांगी झाली.

दुसरी पायरी, लेखी विचारणे. प्रश्न एक, आटोपशीर, हो-नाही असे उत्तर येईल असा. 'व्हिसाची माहिती द्यावी' असे लिहिले तर उत्तर छापील येते. 'मी भारतीय नागरिक असून भारतीय कंपनीचा पगारी नोकर आहे. या व्हिसासाठी माझा अर्ज आपण आज स्वीकाराल काय?' असे लिहिले तर उत्तर कामाचे येते. ते तारखेसह जपून ठेवावे. त्या मुलाने जे सहा महिन्यांनी लिहिले, ते पहिल्या दिवशी लिहिले असते तर दोन ओळींत एक लाख ऐंशी हजार वाचले असते.

तिसरी पायरी, आपल्या बाजूचे कागद आपण स्वतः समजून घेणे. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कचेरीकडून मिळतो. पदवीच्या प्रमाणपत्रावर 'अपोस्टिल' लागते; त्यासाठी महाराष्ट्रातील विद्यापीठाची पदवी आधी राज्य सरकारकडून साक्षांकित व्हावी लागते, मग परराष्ट्र खाते त्यावर अपोस्टिल लावते. भारत या आंतरराष्ट्रीय कराराखाली २००५ पासून आहे. हे काही मंत्रतंत्र नव्हे. पण ज्याला ते माहीत नाही त्याच्याकडून मंत्राची दक्षिणा घेतली जाते.

आणि एजंटाविषयी दोन शब्द. सगळेच एजंट लबाड असतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. कागद नीट लावून देणारा, आपली फी आणि सरकारी फी वेगवेगळी लिहून देणारा, 'निर्णय माझ्या हातात नाही' असे आरंभीच सांगणारा माणूस आपले काम करतो आणि त्याचे पैसे त्याला मिळाले पाहिजेत. पण जो 'हमी' देतो त्याच्यापासून उठावे. व्हिसा देणे न देणे हे त्या देशाच्या अधिकाऱ्याच्या हाती आहे. अर्ज गोळा करणाऱ्या खासगी केंद्राच्याही हाती नाही, मग गल्लीतल्या दुकानदाराच्या कोठून असणार? भिंतीवर नोंदणीचे प्रमाणपत्र टांगलेले असेल तर ते वाचावे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटांना नोंदणी सक्तीची केली. ती नोंदणी भरतीची आहे. कोणत्याही देशाचा व्हिसा मिळवून देण्याचा परवाना ती नव्हे.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, एवढी यातायात करण्यापेक्षा आपल्या गावी बसलेले काय वाईट? दुरून डोंगर साजरे! माझे म्हणणे तसे नाही. मी भूगोल शिकवला तो मुलांनी नकाशाबाहेर जावे म्हणून. एक गोष्ट सांगतो आणि संपवतो.

एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडची, कोकणातली कितीतरी कुटुंबे गिरमिटावर मॉरिशसला गेली. १८३४ पासून तेथे हिंदुस्थानातून मजूर नेण्यास सुरुवात झाली, आणि शतक संपून गेल्यावरही ती चालू होती. पोर्ट लुईच्या बंदरात ज्या घाटावर ही माणसे उतरत, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा म्हणून जपला जात आहे. त्यांच्यातील बहुतेकांना वाचता येत नव्हते. करारावर अंगठा उठविताना त्यांच्यापाशी भरती करणाऱ्याच्या तोंडच्या शब्दाखेरीज दुसरे प्रमाण नव्हते, आणि तो आप्त नव्हता. त्यांनी तेथे उसाच्या मळ्यांत आयुष्य घातले, आणि त्यांच्या वंशजांनी आपली मराठी आजवर जपली आहे.

त्याच मॉरिशसने २०२० साली दूर बसून काम करणाऱ्यांसाठी वर्षभर राहण्याचा 'प्रीमियम व्हिसा' काढला. त्याच्या अटी छापलेल्या आहेत. कोणीही त्या घरबसल्या वाचू शकतो. अंगठ्यावर गेलेला तो कोकणी माणूस आणि आतल्या खोलीत दार लावून बसलेला आपला मुलगा यांच्यातला फरक पैशाचा नाही, धाडसाचा तर मुळीच नाही. धाडस त्याच्याजवळ अधिक होते. फरक एवढाच की, आपल्या मुलाला मूळ कागद वाचता येतो. वाचता येत असून जर आपण बखरीवर आणि शेजाऱ्याच्या शब्दावर निघालो, तर दीडशे वर्षांच्या शाळा वाया गेल्या म्हणावयाच्या.

म्हणून येथे बसलेल्या आईवडिलांना माझी विनंती आहे. मुलगा म्हणाला, 'मी वर्षभर बाहेर राहून काम करणार,' तर 'जाऊ नको' म्हणू नका आणि 'जा' असेही लगेच म्हणू नका. 'कागद दाखव' म्हणा. तारीख कोणती, पासपोर्ट कोणता, आकडा कुठल्या नियमाने आला, हक्क काय मिळतो आणि खाते कोणते, हे पाच प्रश्न त्याला विचारा. त्याला उत्तरे आली तर आनंदाने स्टेशनावर पोहोचवावयास जा. आणि कोणी आपल्याला विचारले, 'असा व्हिसा आहे का हो?' तर मी जे म्हणालो ते म्हणू नका. 'मी वाचले आहे, पण तपासलेले नाही. चल, आपण दोघे मिळून तपासू' असे म्हणा. हे वाक्य माझ्या वेळी मला सुचले नाही. आपणांला ते सुचावे, एवढ्यासाठी मी आपला हा तास घेतला.